तीन भाकरींची हवा

माझी नात गेल्या महिन्यात कोकणात जाऊन समुद्राच्या तळाला पाय लावून आली. येताना व्हिडिओ घेऊन आली. पाठीवर पिवळी धमक टाकी, तोंडात नळी, आणि मांजरीनं पिल्लू धरावं तशी तिची मानगूट धरून तिला मासे दाखवत फिरवणारा एक दणकट शिक्षक. मी चष्मा लावून बघत बसले. थोड्या वेळानं नात म्हणाली, "आजी, तू हातानं काय करतेयस?"

बघते तर माझे दोन्ही तळवे मांडीवर गोल फिरत भाकरी थापत होते. पीठ नाही, परात नाही, नुसतेच.

"तुझी हवा मोजतीय," मी म्हणाले. "दोन भाकऱ्या झाल्या. तिसरीच्या आत वर काढ म्हणावं त्याला."

नातीनं तिच्या आईकडं बघितलं, आईनं तिच्या बापाकडं. म्हातारीचं काहीतरी सटकलं, असं तिघांनी न बोलता ठरवून टाकलं. म्हणून हे लिहायला घेतलं. मी पाण्याखाली गेले त्याला पन्नासाच्या वर वर्षं झाली. समुद्रात नव्हे, विहिरीत, सणसरच्या अलीकडं आमचं गाव होतं तिथं. आणि पाण्याखाली जायचं शिक्षण आमच्या घरात चुलीपुढं मिळायचं.

माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, तरुणपणी मुंबईच्या गोदीत होते. बोटींच्या बुडाला चिकटलेलं शेवाळ आणि शिंपले खरवडणाऱ्या पाणबुड्यांच्या हाताखाली. पुढं स्वतःही बुडायला शिकले. गोदी सोडून गावी शेती करायला आले तेव्हा भंगार बाजारातून वजनावर घेतलेलं एक गाठोडं सोबत होतं. एक लोखंडी बाटला, हिरवा रंग पापुद्र्यांनी गळणारा, त्यावर कुणालाच न वाचता येणारी कुठल्याशा देशाची अक्षरं. बाटल्याच्या मानेवर बसवायची एक पितळी डबी, आणि तिला कोंबडीच्या आतड्यासारख्या वळकट्यांच्या दोन जाड रबरी नळ्या. एकीतनं हवा यायची, दुसरीतनं जायची. कपाळापासून वरच्या ओठापर्यंत तोंड झाकणारी एक लांबोडकी काच. आणि रबराचे दोन बदकपाय, दोन्ही डावे. त्यामुळं आबा सरळ निघाले तरी हळूहळू उजवीकडं वळायचे. विहीर गोल असल्यानं त्याचं काही अडत नव्हतं.

"लोक मुंबईवरनं येताना नायलॉनची साडी आणत्यात," माझी आज्जी, म्हणजे आबांची आई, म्हणाली. "ह्यानं बाटला आणलाय. आन् त्यो बी रिकामा."

रिकामा हीच खरी अडचण होती. तो बाटला भरायचं यंत्र मुंबईत. इथं जवळची हवा म्हणजे बारामतीत, लॉरीची चाकं काढणाऱ्या पंक्चरच्या दुकानात. आबा बाटला सायकलच्या कॅरेजला काथ्यानं बांधायचे, मी पुढच्या दांडीवर, अशी आमची वरात बारामतीला जायची. दुकानदार दर वेळी तोच प्रश्न विचारायचा.

"कुठल्या गाडीत घालायची म्हणायची ही हवा?"

"माझ्यात," आबा म्हणायचे.

"मग तुमास्नी पंक्चर झालं तर आणू नका हितं."

लॉरीच्या चाकाएवढी हवा त्या बाटल्यात म्हणजे हत्तीच्या पोटात दोन शेंगा. त्या हवेला तेलाचा, रबराचा आणि थोडा दुकानदाराच्या बिडीचा वास यायचा. पण चालायची. किती वेळ, हे बघायला आबा आमच्या गुरांच्या हौदात बसले. मुंबईहून आणलेलं घड्याळ वेळ मोजायला हाताला बांधून. घड्याळ पहिल्याच मिनिटात बंद पडलं. ते पुढं जन्मभर आबांच्या मनगटावर सव्वाअकरा वाजवत राहिलं, कारण घड्याळ काढलं असतं तर ते बंद पडल्याचं गावाला कळलं असतं.

त्या वेळी आई हौदाच्या शेजारीच, अंगणातल्या चुलीवर भाकरी करत होती. हवा संपली तसं आबांनी पाण्यातनं डोकं काढलं आणि विचारलं, "किती वेळ झाला गं?"

आई म्हणाली, "तिसरी आता तव्यावर पडली."

झालं. आमच्या बाटल्यात तीन भाकरींची हवा बसते असं त्या दिवशी ठरलं, आणि कधी बदललं नाही.

तुम्ही म्हणाल, आकडे मोजायचे. मीही तेच म्हणाले होते. मला तेव्हा तीसपर्यंतचे पाढे येत होते आणि त्याचा फार माज होता. आई म्हणाली, "भ्या वाटलं का आकडं पळत्यात. भाकरी पळत न्हाय." तिचं खरं होतं. आईचा हात घरात कुणी जन्मो, कुणी मरो, एकाच चालीनं चालायचा. पिठाचा गोळा, दोन तळव्यांत दाबून चपटा, परातीत उतरवला, थापला, फिरवला, उचलला, तव्यावर. तिन्ही भाकऱ्या एकीवर एक ठेवल्या तर कडेला कडा.

तेव्हा विहिरींवर नव्या मोटारी बसत होत्या आणि मोटारीच्या पाइपाच्या बुडाला असतो तो फूटवॉल गाळानं चोंदत होता. शिवाय बादल्या, घागरी आणि पोहणाऱ्यांच्या अंगठ्या होत्याच. आबांना सणसरपासून वडगाव निंबाळकरपर्यंत बोलावणी यायची. आमची सगळी फौज निघायची. आबांच्या कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक रहाटाच्या खांबाला एक वेढा मारून आज्जीच्या हातात, मी बाटला पुसायला, आणि आई कठड्याजवळ मांडी घालून रिकाम्या हातांनी भाकरी थापत. पहिली. दुसरी. तिसरी थापून झाली की म्हणायची, "वढा." लोक लांब उभे राहून बघायचे. ह्या बाईकडं काहीतरी मंत्र आहे अशी कऱ्हाटीपर्यंत वदंता होती. आई त्यावर काही बोलायची नाही. मंत्र येतो म्हटलं की बायका जरा बिचकून वागतात, हे तिला आवडत असावं.

आता माझं सांगते. मी अकरा वर्षांची होते. दोन वेण्या, फाटकं तोंड, आणि जगात आपल्यावाचून काही चालत नाही अशी खात्री. मला एकच ध्यास होता, बाटला पाठीला लावून विहिरीच्या तळाला जायचं. तसं वर्गात मी आधीच जाऊन आले होते. तळाला एक पांढरा मासा असतो, त्याला मिशा असतात, त्यानं मला ओळखलं, असं सगळं सांगून झालं होतं. फक्त प्रत्यक्ष जायचं राहिलं होतं. आणि पुढच्या बाकावरची एक पोरगी, देव तिचं भलं करो, रोज विचारायची, "मासा कुठल्या विहिरीत हाय? आमास्नी दाव."

मी आबांच्या मागं लागले. आबा म्हणाले, "खाली जायाचं तर आधी वर बसाय शीक. वर बसायचं तर वेळ कळाय पायजे. वेळ तुज्या आईच्या हातात हाय. तिच्यासारख्या तीन भाकऱ्या थाप, मग बोल."

पोहायला मला मागच्याच उन्हाळ्यात पाठीला वाळका भोपळा बांधून शिकवलं होतं. ते चार दिवसांत आलं. भाकरी येईना. माझी पहिली भाकरी इंदापूर तालुक्याच्या नकाशासारखी झाली, दुसरी पुणे जिल्ह्याच्या. उचलली की मधोमध फाटायची, मग ती मोडून परत मळायची. आईच्या तीन होईस्तोवर माझी दीड व्हायची. आज्जी माझी भाकरी हातात धरून उन्हाकडं बघायची आणि म्हणायची, "ह्यातनं गरण बघता येईल पुढच्या येळी." गरण म्हणजे ग्रहण. भोकं तेवढी असायची.

पंधरा दिवसांनी परीक्षा ठरली. आई आणि मी शेजारी शेजारी, दोन पराती, दोन चुली, आबा उंबऱ्यात. आणि मी काय केलं, तर सकाळीच दुरडीतल्या आईच्या दोन भाकऱ्या काढून माझ्या पिठाच्या डब्यामागं फडक्यात लपवल्या. म्हैस ओरडली म्हणून आई उठली, आबांनी तिकडं मान वळवली, तेवढ्यात एक सरकवली. आज्जी खोकायला लागली, तेवढ्यात दुसरी. आईची तिसरी तव्यावरनं उतरली तेव्हा माझ्याही तीन तयार. त्यातल्या दोन गार होत्या, पण आबांनी हात लावून बघितलं नाही. बापमाणूस पोरीचं कौतुक डोळ्यांनीच करतो.

"जमलं की गं," आबा म्हणाले.

आज्जीनं माझ्याकडं बघून एक डोळा बारीक केला. मला वाटलं, तिच्या डोळ्यात चुलीचा धूर गेला.

त्यानंतर आठवडाभरात आई माहेरी कऱ्हाटीला गेली, आणि नेमकं तेव्हाच थोरल्या घरातनं बोलावणं आलं.

हे थोरलं घर आणि त्यांची विहीर ह्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. गावातली सगळ्यात गोड पाण्याची विहीर ती, चांगली बांधलेली, आत पायऱ्या असलेली. आमचं घर बौद्ध झालं त्याच्या आधी, आणि नंतरही बरीच वर्षं, आज्जी त्या विहिरीच्या कठड्यापासून चार पावलांवर रिकामी घागर ठेवून उभी राहायची. थोरल्या घरातलं कुणी आलं आणि त्याच्या मनात आलं तर वरनं पाणी ओतायचं. निम्मं घागरीत, निम्मं आज्जीच्या पायावर. तिथं तास तास उभं राहिल्यानं आज्जीला थोरल्या घरातल्या सगळ्यांच्या खोड्या पाठ होत्या. पुढं आमच्या वस्तीला वेगळा आड झाला आणि तो प्रश्न मिटला. म्हणजे मिटला असं सगळ्यांनी धरलं. त्या विहिरीवर आमच्यापैकी कुणी गेलं नाही, आणि कुणी या म्हणालंही नाही.

आता बोलावणं आलं, कारण थोरल्या घरातल्या म्हातारीची लग्नातली पितळेची कळशी तिच्या सुनेच्या हातनं विहिरीत गेली होती. गळ टाकून झाला होता. पट्टीचे पोहणारे उतरून झाले होते. पाणी तीन पुरुष खोल, दम तिथवर पुरत नव्हता. आणि सुनेला सकाळ-संध्याकाळ बोलणी बसत होती.

आबा म्हणाले, "पोरीची आई येऊंदे, मग जाऊ."

मी म्हणाले, "मी हाय की. परीक्षा झालीय माझी."

आबांनी माझ्याकडं बघितलं. मी तोंड अगदी आईसारखं केलं. त्याच वेळी मी खरं सांगितलं असतं तर हा लेख दोन पानं लहान झाला असता.

गेलो. थोरल्या घरातली म्हातारी कठड्याजवळ उभी होती, माझ्या आज्जीच्याच वयाची, नाकात नथ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. आबा नळ्या जोडत असताना ती म्हणाली, "कळशी तेवढी काढ बाबा. पाण्याला फार हात नको लागायला. प्यायचं हाय."

आबा नळ्या आवळत राहिले. आज्जीनं दोराचा वेढा मारता मारता म्हटलं, "न्हाय न्हाय. त्यो कोरडाच जाऊन येतोय."

सून पदराआड हसली आणि सासूनं बघताच तिचा तिलाच ठसका लागला.

आबा पायऱ्या उतरून पाण्यात शिरले. काच लावली, नळी दातांत धरली, आणि एक बुडबुड्यांचा घोस वर सोडून दिसेनासे झाले. मी कठड्याजवळ मांडी घातली, वेण्या मागं टाकल्या, सगळे माझ्याकडं बघताहेत ना हे बघितलं आणि भाकरी थापायला लागले.

हाताची गंमत बघा. तोंडाला खोटं बोलता येतं, हाताला येत नाही. पीठ नव्हतं, पाणी नव्हतं, तरी माझी हवेतली भाकरीसुद्धा फाटली. हात तसेच शिकलेले होते. फाटली की मोडायची, मळायची, परत थापायची. मी मनापासून, काडीचीही घाई न करता, माझी स्वतःची भाकरी थापत होते. पहिली झाली. दुसरी घेतली. दुसरी उचलताना कडेला चीर पडली, ती मी बोटानं लिंपत बसले.

"कितवी गं?" आज्जीनं विचारलं.

"दुसरी."

"दुसरी?" आज्जी वाकून पाण्याकडं बघायला लागली. "मग बुडबुडं का कमी झाल्यात?"

मी बघितलं. मघा घोसाघोसानं येणारे बुडबुडे आता चण्याएवढे, एक इथं, एक थोड्या वेळानं तिथं येत होते. माझे हात हवेत थांबले. मला पुढं आकडा सुचेना, पाढा आठवेना, तोंडातनं नुसतं "आज्जे" एवढंच निघालं.

आज्जीनं वेढा सोडवला आणि दोर ओढायला घेतला. मी धावत जाऊन धरला. तरी दोर जड येत होता, तेवढ्यात मागनं आणखी एक ताकद लागली. वळून बघायला वेळ नव्हता, पण नथीची टिकटिक माझ्या कानापाशी वाजत होती. थोरल्या घरातल्या म्हातारीनं आमचा दोर धरला होता, आणि तिच्या मागं सुनेनं.

आबा पाण्यातनं वर आले ते पायरीला मिठी मारूनच. नळी थुंकली. बराच वेळ नुसता श्वास घेत राहिले. मग काच कपाळावर ढकलून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो मला.

"किती झाल्या?"

"दीड," मी म्हणाले.

त्या एका शब्दात सगळं आलं. डबा, फडकं, गार भाकऱ्या, सगळं. आबा माझ्याकडं बघत राहिले. त्यांचा उजवा कान दुखत होता, ते डोकं एका बाजूला कलतं धरून होते. मग त्यांनी थोरल्या म्हातारीकडं तोंड केलं आणि म्हणाले, "गाळ लई हाय, काकी. परत यावं लागंल."

माझं नाव त्यांनी घेतलं नाही. ते मी रस्ताभर ऐकायची वाट बघत होते. आबा सायकल हातात धरून चालले होते, मागं बाटला, त्याच्या मागं मी, सगळ्यात शेवटी आज्जी. घराजवळ आल्यावर आज्जी म्हणाली, "परीक्षेत पास झाली पर बाप नापास व्हायला निगाला व्हता."

"तुला ठावं व्हतं?" मी विचारलं.

"तुज्या आईला बी निम्मं ठावं हाय. तिच्या दोन भाकऱ्या दुरडीतनं गेल्या तर तिला कळायचं न्हाय व्हय? तिला वाटलं, पोरगी खादाड हाय. म्या म्हनलं, बगू कुटवर जातीय."

"मग आज का न्हाय बोललीस?"

आज्जीनं कनवटीची चंची सोडली आणि तंबाखू मळायला घेतली. पुढं कितीतरी दिवस ती तंबाखू मळताना मधेच थांबायची, तेव्हा तिच्या मनात तेच असावं असं मला आता वाटतं. तेव्हा काही वाटलं नाही. मला फक्त माझं पडलं होतं, की आता आपल्याला कुणी पाण्याखाली सोडत नाही.

आई माहेराहून आली. तिला सांगणाऱ्यात मी सगळ्यात शेवटची होते. तिनं रागावणं, मारणं काही केलं नाही. पिठाचा डबा माझ्यापुढं सरकवला आणि म्हणाली, "आजपास्नं घरातल्या समद्या भाकऱ्या तुज्या."

पहिला आठवडा घरातल्या सगळ्यांनी भोगला. आबा उजव्या कानानं ऐकू येत नसल्याचा फायदा घेऊन 'भाकरी कशी झाली' ह्या प्रश्नाला 'पाऊस यील आता' असं उत्तर द्यायचे. आज्जी म्हैशीला म्हणायची, "तुजी मज्जा हाय बाई, तुला कडबा हाय." दुसऱ्या आठवड्यात भाकरी उचलली तरी फाटेना. एक दिवस ती तव्यावर अशी टम्म फुगली की मी घाबरून मागं सरले. त्या दिवसापासून हाताला चाल सापडली. मी मोजत नव्हते, ठरवत नव्हते, हातच चालत होते. आईच्या शेजारी बसले तर आमच्या दोघींची थाप एकदम पडायची, टप, टप, टप, आणि आज्जी म्हणायची, "आता दोगीबी गप बसा, मला झोप याया लागलीय."

आबांचा कान काही बरा होईना. डॉक्टरनं महिनाभर पाण्यात तोंड घालायचं नाही असं सांगितलं. आणि थोरल्या घरातनं निरोप आला, कळशीचं काय झालं. निरोप सुनेनं गुपचूप पाठवला होता. म्हातारी आता जेवताना, उठताना, देवपूजा करताना कळशीचं नाव काढायची म्हणे.

रात्रीचं जेवण झाल्यावर आबा आईला म्हणाले, "हिला सोडू का?"

आई म्हणाली, "हिला?"

"वर बसणारा चुकला म्हंजी काय हुतं, ते तिच्याइतकं आता कुणाला ठावं हाय?"

आईनं सगळी ताटं उचलून ठेवली. मग म्हणाली, "वर मी बसणार."

दुसऱ्या दिवशी माझा थाट काय वर्णावा. काच माझ्या डोक्याला मोठी, म्हणून सायकलच्या ट्यूबच्या दोन पट्ट्यांनी आवळली. बाटला आईच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यानं पाठीला बांधला. मी पायऱ्या उतरताना मनातल्या मनात वर्गातलं भाषण तयार करत होते. पुढच्या बाकावरच्या पोरीला माशाची मिशी आणून द्यायची असंही ठरलं होतं.

नळी दातांत धरली. तेल, रबर, पंक्चरवाल्याची बिडी आणि त्यावर आबांच्या मिसरीची चव. मी पाण्यात गेले आणि भाषण तिथंच संपलं. पहिल्यांदा सगळं हिरवं झालं, मग काळपट, मग नुसतं गार. कानात कुणी अंगठे घालावेत तसा दाब. वर बघितलं तर विहिरीचं तोंड तव्याएवढं झालेलं, आणि माझेच बुडबुडे तिकडं पळत होते, मला सोडून. मासा नव्हता. मिशा तर नव्हत्याच. मी त्या काचेच्या आत हमसून हमसून रडले. पाण्याखाली रडण्यासारखा मूर्खपणा नाही, काचेतलं पाणी आतूनच वाढतं.

पाय गाळात रुतले. हातानं चाचपत गेले तर काहीतरी गोल लागलं, धातूचं. मी ते छातीशी धरलं आणि त्याच क्षणी दोर ओढला गेला. मला वाटलं, तीन भाकऱ्या किती लवकर होतात.

वर आले, पायरीवर उभी राहिले, विजयी वीरासारखा हात वर केला. हातात गंजलेली लोखंडी बादली होती. बादली म्हणजे कडी आणि कडा. बाकी कधीच गेलेलं.

"ही कळशी व्हय तुमची?" आज्जीनं थोरल्या म्हातारीला विचारलं. "बूड न्हवतं का तिला पयल्यापास्नं?"

आबा बाटल्याला कान लावून टिचकी मारत होते. "अजून निम्मी हवा हाय आत. पोरीचा दम लहान, आणिक तीन भाकऱ्यांस्नी पुरंल," ते म्हणाले. आणि मग सगळ्यांनी मिळून आईकडं बघितलं.

आईचे हात मांडीवर होते. आज्जीनं त्या हातांकडं बघितलं. "काय गं सूनबाई, मगाधरनं बगतीय. पुरीएवढ्या थापत हुतीस. चिमण्या जेवाय येणार हैत का?"

आई खाली बघत म्हणाली, "लहान पोरगी हाय. लहान भाकरी."

मी तिच्यावर चिडले. आज मात्र मला ती तीन पुरीएवढ्या भाकऱ्यांची घाई आठवली की हसू येतं. जन्मात एकदाच तिचा हात पळाला, आणि तोही माझ्यासाठी.

"आता नीट थाप," आज्जी म्हणाली. "मोठ्या, आबाच्या."

मी परत गेले. ह्या वेळी रडायला वेळ काढला नाही. वरनं काही ऐकू येत नव्हतं, तरी माझ्या डोक्यात थाप पडत होती, टप, टप, आणि तिच्या चालीवर माझा श्वास. पहिली. भिंतीच्या कडेनं चाचपत गेले. दुसरी. दगडांच्या सांध्याशी, गाळात निम्मी बुडालेली, गळ्याला बारीक आणि पोटाला गोल, कळशी हाताला लागली. तिच्या गळ्यात हात घातला आणि मीच दोराला हिसका दिला. तिसरी व्हायच्या आधी मी वर होते, आणि ते मला आतून कळलेलं होतं.

कळशी गाळानं भरलेली होती. आज्जी वरनं म्हणाली, "आतलं वत. इसळ. आन् भरून आण."

मी शेवटच्या पायरीवर बसले, कळशी चिंचेनं घासावी तशी हातानं घासून विसळली, आणि निवळ बाजूचं पाणी भरलं. आमच्या घरातल्या कुणी त्या विहिरीतनं स्वतःच्या हातानं भरलेली ती पहिली कळशी, आणि तीही दुसऱ्याची. हे मला तेव्हा कळलं नाही. मला कळशी जड लागत होती आणि सगळे माझ्याऐवजी कळशीकडं बघत होते, एवढंच कळलं.

वर आल्यावर थोरल्या म्हातारीनं दोन्ही हात पुढं केले. पण माझी आज्जी मधे आली. तिनं कळशी माझ्याकडनं घेतली, स्वतःच्या तळव्यावर पाणी ओतून सावकाश, डोळे मिटून घोटभर प्यायली. मग कळशी काखेला लावून थोरल्या म्हातारीला म्हणाली, "हात धर."

म्हातारी बघत राहिली. तिची सून बघत राहिली. आबा पाठ करून नळ्या सोडवत होते, एकच नळी दोनदा सोडवत होते.

"धर की," आज्जी म्हणाली. "तुजंच पाणी हाय. जरा वरनं घालते. सवय हाय मला वरनं पडलेल्या पाण्याची, आता तुला लागू दे."

मग थोरल्या म्हातारीनं नथ एका हातानं बाजूला धरली, दुसऱ्या हाताचा पसा केला. आज्जीनं कळशी खांद्याच्या वर नेली आणि धार सोडली. निम्मं हातात, निम्मं तिच्या पायावर.

म्हातारी प्यायली. तोंड पुसलं. म्हणाली, "एवढ्या वरनं नको गं. नाकात जातंय."

"व्हय," आज्जी म्हणाली. "जातंय खरं." आणि कळशी तिच्या हातात दिली.

मी ओली चिंब, काच कपाळावर, बाटला पाठीला, थरथरत उभी होते. खाली काय होतं, कसं होतं, एकानंही मला विचारलं नाही. मी रुसून आईकडं गेले. ती अजून तिथंच मांडी घालून बसली होती, दोन्ही तळवे एकमेकांसमोर, मधे मोठ्या भाकरीएवढी जागा.

"उठ की," मी म्हणाले. "झालं."

"थांब," आई म्हणाली. "तिसरी हातात हाय." आणि तिनं ती नीट थापून, फिरवून, तव्यावर टाकली, मगच उठली.